तारीख वारली

मावशी,

काल तुझं तेरावं झालं. मांडवाचे वासे सोडून माणसं पांगली आणि मी आज सकाळी तळवलीहून जुईनगरला परतले. आल्याबरोबर टेबलाच्या खणातून तुझा आलेखाचा कागद काढला. त्यावर एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतचं तुझं वजन निळ्या शाईत आहे आणि नाडीचे ठोके लाल शाईत. उजवीकडे बरीच जागा कोरी आहे. ऑपरेशननंतरचे आकडे तिथे यायचे होते.

माझं लिहिणं तुला कधी वाचता आलं नाही. मी वही उघडली की तू म्हणायचीस, "सोरल्या परत कागदाव मुंग्या." आता तू नसताना या मुंग्या कोणासाठी सोडते आहे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की तुझ्याशी माझा एक वाद अपुरा राहिला. त्यात माझी बाजू चुकीची होती, आणि ते तुझ्या तोंडावर मान्य करायला मी वेळेत पोचले नाही.

आई नोकरीला जायची म्हणून माझी पहिली दहा वर्षं तुझ्या ओट्यावर गेली. तुला आणि काकांना मूल नव्हतं, त्यामुळे तुझ्या वाट्याचं सगळं माझ्याकडे आलं: पहिली भाकरी, पहिली शिवी, मोठ्या आवाजातल्या हाका. पुढे आम्ही फ्लॅटमध्ये आलो, मी रसायनशास्त्र घेतलं, एम.एस्सी. केलं, तळोज्याच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि आपली बोली माझ्या तोंडातून हळूहळू गेली. तुला त्याचं वाईट वाटलं नाही. माझा निकाल लागला त्या दिवशी तू आळीत घरोघर सांगत फिरलीस, "माजी भाची सायन्स झाली." सायन्स शिकली, असं म्हणाली नाहीस, झाली म्हणालीस. मी तेव्हा हसले होते. त्या दिवसापासून मी जे बोलले ते तुझ्या लेखी सायन्स बोललं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

तुझ्या हृदयाची एक झडप आवळत चालली होती. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याचा हा परिणाम असावा, असं डॉक्टर म्हणाले. झडप म्हणजे काय ते मी तुला खाडीच्या बांधावरून समजावलं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये आणि शेतातलं पाणी खाडीत निघून जावं म्हणून बांधाला लाकडी दार असतं, ती उघाडी. तू लगेच म्हणालीस, "म्हंजे माजी उघारी अरकली." एवढं अचूक निदान मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही. मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात ऑपरेशन ठरलं. एप्रिलमधली तारीख मिळाली.

पहिल्या तारखेची सकाळ मला पूर्ण आठवते. आदल्या संध्याकाळपासून तू उपाशी होतीस. सिस्टर म्हणाल्या, अंगावर काही ठेवायचं नाही, बांगड्यासुद्धा नाहीत. उतरत नसतील तर फोडा. तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस. काका बाहेर व्हरांड्यात, दुखऱ्या गुडघ्यावर का होईना, जितेजागते उभे असताना तू काच फोडू देणार नव्हतीस. मग मी साबणाचं पाणी घेऊन एकेक बांगडी उतरवली. दोन्ही हातांच्या मिळून बावीस हिरव्या बांगड्या मी माझ्या हातरुमालात बांधल्या. दुपारी कळलं की तुझ्या गटाचं रक्त पुरेसं मिळालेलं नाही. जूनमध्ये या. मी त्याच साबणाच्या पाण्याने बावीस बांगड्या परत चढवल्या. तू मजेत होतीस. इस्पितळाच्या दाराशी उभं राहून तू दोन प्लेट भजी खाल्लीस आणि काकांना म्हणालीस, फुकटात अंघोळ झाली.

निघताना साताऱ्याकडच्या त्या सिस्टरांनी विचारलं होतं, आजी, इतक्यात कुठे चाललात. तू म्हणालीस, "तारीख वारली."

"अगं बाई, कोण वारलं?"

आपल्या बोलीत ड आणि ढ यांचा र होतो, हे त्यांना समजावून देण्यात माझी पाच मिनिटं गेली. वॉर्ड हसला, तूही हसलीस. टॅक्सीत मात्र मी तुला दुरुस्त केलं. वाढली म्हण, मावशी, वारली म्हणू नकोस, ऐकायला बरं वाटत नाही. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "तुजी तारीख वारते ती वेगली. माजी वारते ती वेगली." मी ते विनोद म्हणून सोडून दिलं. बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, हे तूच मला शिकवलं होतंस. जे मोडतं त्याला आपण वाढलं म्हणतो. तुला हा शब्द दोन्ही अंगांनी ठाऊक होता. मला त्यातलं फक्त व्याकरण दिसलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. त्या काळातल्या माझ्या नोंदी मी आज पुन्हा वाचल्या. वजन, नाडी, पायावरची सूज, गोळ्यांच्या वेळा. नोंदी नीट आहेत, नाडीचा एक आकडा सोडला तर एकही रविवार चुकलेला नाही. त्यांत नसलेल्या गोष्टी आता सांगते, कारण त्या मी पाहिल्या होत्या आणि लिहिण्याजोग्या मानल्या नव्हत्या.

मे महिन्यात तू सुके बोंबील भरले नाहीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या घरात पावसाळ्याची मासळी नव्हती. मसाला कुटला नाहीस. फाटलेली गोधडी उसवून ठेवलीस आणि शिवली नाहीस. विचारलं की सगळ्याला एक उत्तर: ऑपरेशन झाल्याव. इस्पितळाची पिशवी तू दाराच्या खुंटीला लावून ठेवली होतीस आणि तिच्यातला टॉवेल काकांनी वापरला म्हणून त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हतीस. नाक्यावरच्या दुकानात निरोपाचा फोन वाजला की तू चपला घालून उभी राहायचीस, मग फोन कोणाचाही असो. तळवलीत लग्नं झाली, त्यांना गेली नाहीस. न जाणो, त्याच दिवशी बोलावलं तर.

दर रविवारी मी यायचे, तुझं मनगट धरून घड्याळात बघायचे आणि आकडा लिहायचे. एकदा तू हात सोडवून घेतलास. म्हणालीस, "नाडी बघाया धरतीस तेवराच हात धरतीस." मी म्हटलं, मधे बोलू नकोस, मोजणी चुकते. खरोखर चुकली होती. त्या दिवशीचा आकडा कागदावर नाही.

दुसरी तारीख जूनमधली. त्या दिवशी अपघाताचा एक रुग्ण आला आणि थिएटर त्याच्याकडे गेलं. बांगड्या उतरल्या आणि चढल्या. परतताना तू भजी खाल्ली नाहीस. घरी पोचल्यावर ओट्यावर बसून तू मला विचारलंस की सगळ्यांचं होतं, तुझंच का होत नाही. काही वाईट लिहिलंय का तुझ्या कागदात. मला सोमवारी सकाळी एक अहवाल द्यायचा होता. मला ते संभाषण संपवायचं होतं. खरं उत्तर सोपं होतं: मावशी, मला माहीत नाही, आणि मलाही भीती वाटते. त्याऐवजी मी तुला युक्तिवाद दिला. म्हटलं, ही एक पद्धत असते. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याला आधी घेतात. तुला मागे ठेवलं, याचा अर्थ तुझं हृदय बाकीच्यांपेक्षा बरं आहे. तुझं अर्जंट नाही.

तू विचारलंस, "असा सायन्स बोलतं काय?"

मी हो म्हटलं.

ते विधान अर्धंच खरं होतं, हे मला त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. पहिल्यांदा रक्त नव्हतं, त्यात तुझ्या तब्येतीचा काही संबंध नव्हता. प्रयोगशाळेत असा निष्कर्ष माझ्या हाताखालच्या कोणी काढला असता, तर मी तो कागद परत केला असता. पण तुझा चेहरा सैल झाला, तू उठून चहा टाकलास, आणि मला वाटलं, उपयोग झाला. त्या आठवड्यात तू चार लोकांना सांगितलंस की भाची बोलली, मना काय अर्जंट नाय.

तिसऱ्या तारखेला, जुलैअखेर, कुठलंसं यंत्र बंद पडलं. त्या दिवशी तू काही विचारलं नाहीस. घरी आल्यावर काकांनी पेज केली, तू ती संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलीस. कोन जाने, परत बोलावतील, पोटात काय नको. मी रागावले. दुसऱ्या रविवारी तुझं वजन दीड किलोने उतरलेलं होतं. मी निळ्या शाईने बिंदू मांडला आणि तुला जास्त खायला सांगितलं.

चौथ्या वेळी, सप्टेंबरात, तुला आधीच भरती करून घेतलं. तुझ्या शेजारच्या खाटेवर जुबेदा होती, श्रीवर्धनकडची, पंचविशीतली. तिचंही झडपेचंच होतं. तिची दोन वर्षांची मुलगी आजोळी ठेवलेली, आणि तिच्या नवऱ्याने मुलीचा फोटो खाटेच्या नळीला दोऱ्याने बांधला होता. तुमचं दोघींचं चांगलं जमलं होतं. ती तुला खाला, म्हणजे मावशीच, म्हणायची आणि तू तिला, तिने कोलीम, ती खाडीतली बारीक ओली कोळंबी, कशी करावी यावरून, रोज बोल लावायचीस. फक्त सुका जवळा खाऊन माहीत असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कोलमाला नावं ठेवू नयेत, असं ती म्हणायची. तुला तशी खळखळून हसताना मी एप्रिलनंतर पाहिलं नव्हतं.

तारखेच्या सकाळी मी पुन्हा साबणाचं पाणी घेतलं. आता मनगटं इतकी बारीक झाली होती की साबण लागलाच नाही. बावीस बांगड्या रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या आणि खाली जाऊन प्रयोगशाळेला फोन केला की आज येत नाही. वर आले तेव्हा जुबेदाची खाट रिकामी होती आणि तू बसलेली होतीस. रात्रीपासून खोकला असल्याचं तू डॉक्टरांना सांगितलं होतंस. खोकला असताना भूल देत नाहीत. तुला आठ दिवस पुढे टाकून त्यांनी जुबेदाला घेतलं होतं.

मावशी, त्या वेळी मी तुला जे बोलले ते मला शब्दशः आठवतं, आणि तुलाही आठवत असणार, म्हणून इथे लिहीत नाही. खोकला होता तर मला का सांगितलं नाहीस, माझ्या रजा काय झाडाला लागतात का, इथपर्यंत मी आले होते. त्या आठवड्यात कारखान्यात वरिष्ठांसमोर मला माझी तपासणीची पद्धत मांडायची होती; वरची जागा त्यावर ठरायची होती. मी निघाले तेव्हा तू दोन्ही उघडे हात पुढे केलेस.

"बाय, माज्या बांगऱ्या."

मी दारापर्यंत पोचले होते. म्हटलं, परवा येते ना, तेव्हा घालते.

परवा मी आले नाही. तेरवाही नाही. सहा दिवस तू त्या वॉर्डात सवाष्ण असून मोकळ्या हातांनी राहिलीस, आणि बावीस बांगड्या तळोज्याच्या प्रयोगशाळेत माझ्या खणात होत्या.

सहाव्या दिवशी दुपारी साहेबांच्या टेबलावरचा फोन माझ्यासाठी वाजला. इस्पितळातल्या नाण्याच्या फोनवरून काका बोलत होते. त्या फोनवर नेहमीच खरखर असते.

"बाय, वारली."

मी विचारलं, "परत? आता कधीची?"

पलीकडून काही आलं नाही. मी वाट पाहिली, मग म्हटलं, काका, मी संध्याकाळी येते, नमुने लावलेत, ते सोडून निघता येत नाही. तुम्ही तिला सांगा. त्यांनी बरा म्हटलं की नाही ते मला ऐकू आलं नाही. नाणं संपलं.

त्यानंतर अडीच तास मी काम केलं. ते निकाल वहीत आहेत, दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत, आणि त्यांत एकही चूक नाही. मधे चहा आला तेव्हा मी सोबतच्या मुलीला सांगितलंसुद्धा की मावशीची तारीख पुन्हा वाढली. मी 'वाढली' म्हटलं. शुद्ध.

वॉर्डात आले तेव्हा तुझी गादी दुमडलेली होती. जुबेदा शेजारी उशांना टेकून बसलेली होती, छातीला पट्ट्या, आवाज खोल गेलेला. तिनेच मला हाताने जवळ बोलावलं. पहाटेपासून तुला धाप लागली होती, डॉक्टरांनी खूप केलं, दुपारी गेलीस, एवढं तिने सांगितलं. मग थांबून म्हणाली की तुला खोकला नव्हता. त्या सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा तू मुद्दाम खोकलीस आणि ते पुढे गेल्यावर तिला म्हणालीस, "जा तू पुरं. तुजी पोर लहान हाय. मना अर्जंट नाय, माजी भाची सायन्स हाय, ती बोलली."

जुबेदाने डोळे पुसले आणि आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिने सांगितली नसती तर मला सोपं गेलं असतं. तिला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तू तिच्या कानाशी पुटपुटलीस, "सुटलो बाय. आज तरी सुटलो."

तेव्हापासून मी दोन्ही शक्यता समोर ठेवून पाहते आहे. एक, तू आपली पाळी एका लेकुरवाळीला दिलीस. दुसरी, तीन वेळा मनाची तयारी करून ती तीन वेळा उतरवून ठेवल्यावर चौथ्यांदा आत जाण्याचं बळ तुझ्यात उरलं नव्हतं. मी पुरावे मांडते, आणि ते दोन्हीकडे सारखेच जातात. दोन्ही खरं असू शकतं, हे मला आता पटू लागलं आहे. बाकी एक गोष्ट मात्र नक्की आहे. तू दया केली असलीस किंवा भ्यालेली असलीस, तुला आडोसा हवा होता, आणि तो माझ्या वाक्याचा होता. तुझी भीती तू मला सांगितली असतीस, तर मी तिच्यावरही एखादं उदाहरण दिलं असतं. म्हणून तू ती जुबेदाच्या कानात सांगितलीस.

तुला तळवलीला आणलं तेव्हा आळीतल्या बायकांनी तुझी ओटी भरली आणि नवा हिरवा चुडा घातला. सवाष्ण गेली, भाग्याची, असं सगळ्या म्हणत होत्या. रुमाल माझ्या पर्समध्ये होता. गर्दीतून पुढे होऊन, तिच्या स्वतःच्या बांगड्या माझ्याकडे आहेत, एवढं म्हणायला हवं होतं. मग त्या माझ्याकडे का, हे सांगावं लागलं असतं. मी मागे उभी राहिले. त्या अजून रुमालात आहेत.

वरची जागा मला मिळाली. तू असतीस तर आळीत काय सांगितलं असतंस, ते मला ऐकू येतं.

काल दुपारी पानं उठल्यावर काका ओट्यावर एकटे बसले होते. मी जवळ जाऊन बसले आणि तेरा दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं: काका, त्या दिवशी फोनवर मी चुकीचं ऐकलं, तारीख वाढली असं मला वाटलं, मी तुम्हाला तसं विचारलं, मला माफ करा. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. म्हणाले, "तू बोललीस, आता कधीची. मना वाटला, हिला काय तरी माहीत हाय. सायन्सवाली हाय, उगाच नाय विचारनार. म्हनून मी फोन ठेवला, नि परत वर गेलू तिला बघाया."

मावशी, तुझा वॉर्ड चौथ्या मजल्यावर होता. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. काकांचा गुडघा कसा आहे, तुला ठाऊक आहे.